केळीच्या बागेतला लोरा नोड: एकाच फर्मवेअरमध्ये पाच रेडिओ मॉड्यूल बसवताना

जळगावात एक छोटं वर्कशॉप आहे, नाव घेत नाही, तिथं ठिबकचं ऑटोमेशन बनतं. शेतात एक नोड बसतो, तो मातीतली ओल मोजतो आणि व्हॉल्व्ह उघडतो-लावतो, विहिरीजवळ मोटरच्या खोलीत कंट्रोलर असतो, आणि दोघांच्या मध्ये लोरा, म्हणजे कमी बॅटरीत लांबवर थोडीशी माहिती पोचवणारा रेडिओ. गिऱ्हाईक बहुतेक रावेर-यावल पट्ट्यातलं, म्हणजे केळीवालं. वायफाय तिथं पोचत नाही आणि प्रत्येक नोडला सिमकार्ड टाकायचं तर बॅटरी आणि रिचार्ज दोन्हीचा ताप, म्हणून लोरा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा लायसन्सशिवाय वापरता येतो (२००५ च्या नियमांत तो ८६७ पर्यंत होता), एक वॉट पॉवर आणि २०० किलोहर्ट्झ बँडविड्थच्या आत राहिलं की झालं. हा २०० चा आकडा ध्यानात ठेवा, पुढं लागणारे.

पहिल्या बोर्डावर एसएक्स१२७६ या लोरा चिपचं एक मॉड्यूल होतं आणि सगळा कोड त्याच्याच भोवती लिहिलेला. मग २०२१ च्या चिपटंचाईत ते मॉड्यूल मिळेना, मिळालं तर भाव ऐकून घाम फुटायचा, मग परचेसवाल्यानं जे हाती लागलं ते उचललं. आधी दुसऱ्या कंपनीचं १२७६ चंच मॉड्यूल, मग एसएक्स१२६२ या दुसऱ्या लोरा चिपचं एक, मग १२६२ चंच पण वेगळ्या कंपनीचं, आणि शेवटी स्वस्त म्हणून एलएलसीसी६८ या चिपचं. प्रत्येक वेळी वाक्य एकच, "साइज सेम आहे, पिन सेम आहेत, चालून जाईल". पिन सेम होत्या हे खरं, पण पिनच्या आत काय चाललंय हे कोणी बघितलंच नव्हतं.

मला बोलावलं ते सावद्याकडच्या एका बागेतल्या तक्रारीवरून. नवे नोड वर्कशॉपात टेबलावर एकदम झकास चालायचे आणि बागेत नेले की केळीच्या दोन-चार ओळींपलीकडं आवाज नाही. बागेचे मालक नाना, वय झालेले पण तल्लख, म्हणाले, "अहो भाऊ, टेबलावर तं पोपटासारखं बोलतं तुमचं यंत्र, वावरात आलं का मुकं होतं." वर्कशॉपात सगळ्यांनी याचं बिल उन्हावर फाडलं होतं. मे महिना, जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास, डब्यात तर त्याहून जास्त, म्हणून म्हणे रेडिओची फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल सरकतोय.

आता याचा हिशोब करून बघा. ८६६ मेगाहर्ट्झला १० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दहा भाग, सरकला तर साडेआठ-पावणेनऊ किलोहर्ट्झ, दोन्ही टोकांचे क्रिस्टल उलट्या दिशेनं सरकले तरी साडेसतरा. १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थवर लोरा साधारण पाव बँडविड्थ इतका, म्हणजे ३१ किलोहर्ट्झच्या आसपास फरक खपवून घेतं. ऊन सुटलं. केळीची पानं ओली असली की सिग्नल खातात हे खरंय, पण मग जुने नोड त्याच बागेत, त्याच पानांतून नीट बोलत होते त्याचं काय?

म्हणून लॅपटॉप लावून नव्या नोडच्या चिपमधून हेक्स ०९ नंबरचं रजिस्टर, म्हणजे सेटिंग साठवणारा कप्पा, वाचलं. १२७६ मध्ये हे पॉवर अँप्लिफायरचं रजिस्टर, त्याचा सगळ्यात वरचा बिट सांगतो की सिग्नल कुठल्या पायातून बाहेर काढायचा, शून्य असेल तर आरएफओ आणि एक असेल तर पीए-बूस्ट. बिट शून्य होता. पहिल्या मॉड्यूलमध्ये अँटेना आरएफओला जोडलेली, त्यामुळं तिथं शून्यच बरोबर. दुसऱ्या कंपनीनं तीच चिप घेऊन अँटेना पीए-बूस्टला जोडलेली, आरएफओ नुसता सोडून दिलेला. म्हणजे चिप ज्या पायातून बोलत होती तिथं अँटेनाच नव्हती, आणि आत इकडून तिकडं जे काही गळत होतं तेवढंच बाहेर पडत होतं. टेबलावर हातभर अंतरावर तेवढी गळतीही पुरते, म्हणून टेस्टिंगला सगळं पास.

दोष सापडला, एक बिट बदलायचा, तासाभराचं काम. पण कुठं बदलायचा हे बघायला इनिटचा, म्हणजे चालू होताना रेडिओ तयार करणारा, कोड उघडला आणि खरं दुखणं तिथं दिसलं.

एकच रेडिओ इनिट फंक्शन, स्क्रोल करत बसा. वरून खाली इफडेफ, म्हणजे अमुक बोर्ड असेल तरच हा कोड बिल्डमध्ये घ्या अशा अटी, त्यात बोर्ड व्हर्जन दोन, त्याच्या पोटात टीसीएक्सओ (तापमान सांभाळून घेणारा ऑसिलेटर) असेल तर, त्याच्या पोटात गेटवे नसेल तर, मग मधेच कोणीतरी टाकलेला दहा मिलिसेकंदांचा डिले आणि शेजारी कॉमेंट "हे काढू नये". का काढू नये हे कोणालाच ठाऊक नाही, ज्यानं टाकलं तो पुण्याला गेला. प्रत्येक व्हेरियंटचं वेगळं बिल्ड, म्हणजे पाच मॉड्यूल गुणिले नोड आणि कंट्रोलर, आणि शेतात जाणाऱ्या पोऱ्याच्या पेनड्राइव्हमध्ये "फायनल", "फायनल नवं", "फायनल रावेर" अशा फायली. डब्याच्या आत कुठलं मॉड्यूल आहे ते सांगणारं स्टिकर उन्हानं पांढरं पडलेलं. चुकीची फाईल टाकली तरी नोड चालू होतो, एलईडी लुकलुकतो, फक्त लांबून ऐकू येत नाही. अशी चूक पकडणार तरी कशी?

मालकाचं म्हणणं, अजून एक इफडेफ टाका आणि मोकळे व्हा. समजतं मला, सीझन तोंडावर होता. रेडिओलिबसारखी तयार लायब्ररी घ्यायचाही विचार झाला, त्यात या सगळ्या चिपा आहेत आणि काम चांगलंय, पण ती सी प्लस प्लस मध्ये, आणि इथला वरचा सगळा प्रोटोकॉल साध्या सी मध्ये त्या जुन्या ड्रायव्हरच्या पोटात हात घालून बसलेला. तो सोडवायचा तर इनिट नीट करण्यापेक्षा मोठं काम. शेवटी ठरलं की इनिटच मोडून परत मांडायचं.

हा प्रश्न काही जगावेगळा नाही. लिनक्समध्ये अथेरॉसच्या वायफाय चिपांचा एटीएच९के ड्रायव्हर आहे, तिथंही एआर९००३ ची पिढी आली तेव्हा, २०१० मध्ये, हार्डवेअरचा कोड ९००२ आणि ९००३ अशा वेगळ्या फायलींत नेला, आणि सामाईक कोड फंक्शन पॉइंटरच्या, म्हणजे कुठल्या चिपला कुठलं फंक्शन ते सांगणाऱ्या, तक्त्यातून त्यांना हाक मारायला लागला. पुढच्या एटीएच१०के मध्ये तर प्रत्येक हार्डवेअरच्या बारीकसारीक फरकांचा एक पॅरामीटर तक्ताच आहे. आपल्याकडं चिप छोटी, पण घडी तीच.

पण तो नमुना जसाच्या तसा उचलला असता तर आम्ही फसलो असतो, कारण आमच्याकडचे बरेचसे फरक चिपचे नव्हतेच. बघा ना, सावद्याचा घोळ झाला तेव्हा चिप तीच होती, १२७६. दोन्ही १२६२ मॉड्यूलांत चिप अक्षरशः एकच, पण एकावर टीसीएक्सओ आहे ज्याला चिपच्या डीआयओ३ पायातून व्होल्टेज द्यावं लागतं, दुसऱ्यावर साधा क्रिस्टल. एकाचा अँटेना स्विच डीआयओ२ आपोआप हलवतो, दुसऱ्याला पाठवायला एक आणि ऐकायला एक अशा दोन पिन मायक्रोकंट्रोलरनं हलवाव्या लागतात. जुन्या कोडमध्ये हे सगळं "इफडेफ १२६२" च्या आत कोंबलेलं. फरक बोर्डाचा आणि नाव चिपचं, त्यामुळं नवं मॉड्यूल आलं की जुनं मोडायचं.

म्हणून मांडणी करताना तीन गोष्टी वेगळ्या काढल्या. चिप स्वतः काय आहे, हे एका तक्त्यात: सगळ्यात मोठा स्प्रेडिंग फॅक्टर (जितका मोठा तितका संथ, पण लांब पोचणारा) किती, जास्तीत जास्त पॉवर किती, कुठला एराटा (कंपनीनं कबूल केलेला चिपचा दोष) लागू. तिच्या भोवती बोर्डावर काय आहे, हे दुसऱ्या तक्त्यात: अँटेना कुठल्या पायाला, टीसीएक्सओ आहे का, असेल तर किती व्होल्ट आणि उठायला किती वेळ, स्विच कोण हलवतो. आणि शेतकऱ्याच्या सेटिंगला काय हवंय, म्हणजे चॅनल, स्प्रेडिंग फॅक्टर, पॉवर, हे तिसरीकडं. फंक्शनांचे संच मात्र दोनच, १२७x चा आणि १२६x चा, कारण या दोन घराण्यांची बोलायची पद्धतच वेगळी. १२७x मध्ये रजिस्टर लिहायचं-वाचायचं, १२६x मध्ये कमांड द्यायची आणि बिझी पिन खाली यायची वाट बघायची. एलएलसीसी६८ ला वेगळा संच लागला नाही, ती १२६x चीच भाषा बोलते, तिच्या तक्त्यातली एक ओळ तेवढी वेगळी.

मालकाला वाटत होतं की सॉफ्टवेअरनंच सगळं ओळखावं. चिप ओळखता येते, काही अंशी. १२७६ मध्ये हेक्स ४२ चं रजिस्टर वाचलं की १२ मिळतं, १२७२ असेल तर २२. (ही दोन भावंडं नावानं जवळची पण आतून चांगलीच वेगळी, १२७२ मध्ये पीए-डॅकचं रजिस्टर ५ए ला, १२७६ मध्ये ४डी ला, मोडेमच्या रजिस्टरातल्या बँडविड्थच्या बिटांची मांडणीही वेगळी. नाव बघून कोड कॉपी करणाऱ्यांसाठी सापळाच.) १२६x च्या डेटाशीटमध्ये असं ओळखीचं रजिस्टर दिलेलं नाही, तिथं आम्ही रिसेटनंतर ०७४० पत्त्यावरचा सिंक वर्ड (आपल्या नेटवर्कचे मेसेज ओळखायची खूण) वाचतो, १४२४ मिळालं की घराणं तरी नक्की. पण १२६२ का एलएलसीसी६८, हे त्यावरून कळत नाही. आणि अँटेना कुठल्या पायाला लागलीय हे तर चिपलाच माहीत नसतं, तर ती सांगणार काय? म्हणून नव्या बोर्डांवर मोकळ्या पिनांवर रेझिस्टर लावून बोर्डाचा नंबर दिला, आणि जुन्या बोर्डांत फ्लॅशच्या कोपऱ्यात एक बाइट लिहून ठेवली. इनिट आधी हा नंबर वाचतं, मग चिपला विचारून पडताळतं, आणि जुळलं नाही तर पुढं जातच नाही, लाल एलईडी लावून थांबतं.

कोड हलवायला घेण्याआधी एक काम केलं, ज्यावर वर्कशॉपात थोडी कुरकुर झाली पण त्यानंच वाचवलं. प्रत्येक जुन्या बोर्डाच्या एसपीआय, म्हणजे मायक्रोकंट्रोलर आणि रेडिओ चिप ज्यावरून बोलतात त्या, तारांवर लॉजिक अ‍ॅनालायझर लावून जुन्या फर्मवेअरचं इनिट बाइट-बाय-बाइट रेकॉर्ड केलं. नियम असा की नव्या मांडणीतून पहिल्यांदा तेच बाइट, त्याच क्रमानं बाहेर पडले पाहिजेत, सुधारणा एकही नाही, पीए-बूस्टचीसुद्धा नाही. आधी नुसतं हलवायचं, जुळलं की मग एकेक दोष वेगळ्या कमिटमध्ये. दोन्ही एकत्र केलं की काय हलवल्यानं बिघडलं आणि काय सुधारल्यानं बिघडलं ते कळत नाही.

या रेकॉर्डिंगमध्येच "हे काढू नये" चा उलगडा झाला. १२७x मध्ये लोरा मोडचा बिट फक्त स्लीपमध्ये असतानाच बदलता येतो. जुना कोड तो स्टँडबायमध्ये लिहायचा, चिप गुपचूप दुर्लक्ष करायची, मग बरंच पुढं दुसऱ्याच फंक्शनमध्ये चिप स्लीपला जायची आणि तिथं तोच बिट परत लिहिला जायचा, तेव्हा कुठं लोरा चालू. मधला डिले कशाचाच इलाज नव्हता. पहिल्यांदाच स्लीपमध्ये नेऊन बिट लिहिला आणि डिले काढून टाकला, काही बिघडलं नाही.

१२६२ मध्ये जास्त वेळ गेला तो क्रमात. टीसीएक्सओवालं मॉड्यूल पॉवर दिल्यावर लगेच एरर दाखवतं, ऑसिलेटर उठला नाही म्हणून, कारण त्याला अजून कोणी व्होल्टेजच दिलेलं नसतं. ही एरर येणारच, दोष नाही तो. जुन्या कोडमध्ये ही एरर बघून चिप परत रिसेट व्हायची, रिसेट झाली की परत तीच एरर, आणि काही फेऱ्यांनंतर कोड कंटाळून पुढं जायचा. बरोबर क्रम असा की रिसेट, बिझी खाली येईपर्यंत थांबा, चिपच्या आतल्या आरसी ऑसिलेटरवर स्टँडबाय, मग डीआयओ३ ला टीसीएक्सओचं व्होल्टेज आणि उठायचा वेळ सांगा, एरर पुसा, आणि त्यानंतर सगळं कॅलिब्रेशन परत करून घ्या, कारण पॉवर-ऑनच्या वेळी झालेलं कॅलिब्रेशन घड्याळ नसताना झालेलं, ते कुचकामी. त्यानंतर आपल्या पट्ट्यासाठी इमेज कॅलिब्रेशन (कमांडीतले हेक्स बाइट डी७ आणि डीबी), मग रेग्युलेटर, स्विच, पॅकेट टाइप, फ्रिक्वेन्सी, पॉवर. साधा क्रिस्टलवाला बोर्ड याच वाटेनं जातो, फक्त टीसीएक्सओची पायरी तक्त्यात रिकामी असल्यानं वगळली जाते. वेगळा इफडेफ लागला नाही, माझ्या मते अख्ख्या कामातला सगळ्यात समाधानाचा भाग हाच.

एक मोह मात्र टाळला. दोन्ही घराण्यांच्या पायऱ्या वरवर सारख्या दिसतात, रिसेट, स्टँडबाय, फ्रिक्वेन्सी, पॉवर, मग वाटतं की सामाईक फंक्शनमध्ये टाकून आत फक्त बारीक फरक ठेवावा. नाही केलं. १२७x रिसेट केल्यावर पाच मिलिसेकंद थांबायचं, १२६x मध्ये बिझीवर. फ्रिक्वेन्सीचा हिशोब १२७x मध्ये दोनच्या १९ व्या घातानं, १२६x मध्ये २५ व्या. सिंक वर्ड तिकडं १२ तर इकडं १४२४, हवेत दोन्ही एकच. एवढे फरक असताना सामाईक म्हणायला उरतं काय? दोन सरळ फंक्शनं वाचायला सोपी, थोडा कोड दोनदा लिहिला गेला तरी चालेल.

एलएलसीसी६८ नं मात्र व्यवहाराचाच प्रश्न उभा केला. ती १२५ किलोहर्ट्झवर स्प्रेडिंग फॅक्टर ९ च्या वर जात नाही, १० साठी २५० लागतात आणि ११ साठी ५००. आपला नियम २०० चा. म्हणजे इथं तिचा जोर ९ लाच संपतो. लांबच्या बागांत १२ लावलेला असायचा, आणि ९ ते १२ च्या मध्ये ऐकण्याच्या ताकदीत साडेसात डीबीचा फरक पडतो, केळी भरात आली की हे साडेसात डीबी डोळ्यांनी दिसतात. जुन्या कोडमध्ये १२ मागितलं की कमांड जायची आणि इनिट "ओके" म्हणून पुढं निघायचं. आता चिपच्या तक्त्यात कमाल ९ लिहिलंय, १२ मागितलं की इनिट नाही म्हणतं आणि एरर वर कळवतं. गुपचूप ९ वर आणून ठेवायची सूचना आली होती, मी साफ नकार दिला, कारण एका कंट्रोलरखालचे सगळे नोड एकाच स्प्रेडिंग फॅक्टरवर असतात, एकानं मनानं बदललं तर तो एकटाच पडतो. शेवटी वर्कशॉपनं ती मॉड्यूलं जवळच्या, छोट्या वावरांसाठी बाजूला काढली. स्वस्त माल होता, वाया गेला नाही, पण सगळीकडं चालणारा नव्हता.

प्रॉडक्शनच्या टेबलावरची टेस्टही बदलावी लागली, नाहीतर बोर्डाची बाइट चुकीची लिहिली की सावद्याचंच परत. हातभर अंतरावर मेसेज जातो का, ही टेस्ट याबाबत निरुपयोगी होती. आता पाठवताना करंट बघतात. १२७६ चा पीए-बूस्ट १७ डीबीएमला डेटाशीटप्रमाणं ८७ मिलिअँपिअर खातो, आरएफओ १३ डीबीएमला २९. मीटरवर ऐंशीच्या घरात काटा अपेक्षित असताना तिशीत दिसला की बोर्ड बाजूला. साधा मीटर, वेगळं महागडं काही नाही, आणि पोऱ्याला रजिस्टर-बिजिस्टर काही कळायची गरज नाही.

नानांच्या बागेतले नोड डबे न बदलता, नुसती फाईल टाकून बोलते झाले. पेनड्राइव्हमध्ये आता नोडची एक आणि कंट्रोलरची एक अशा दोनच फायली. चालू होताना एलईडी जितक्या वेळा लुकलुकतो तो बोर्डाचा नंबर, स्टिकर उडालं तरी फोनवर विचारता येतं, "किती वेळा लुकलुकला?". सगळे तक्ते एकाच फाईलमध्ये आल्यानं फ्लॅश थोडी जास्त लागते, छोट्या मायक्रोकंट्रोलरवर ते जाणवलं, डीबग मेसेज कमी करून जागा काढली.

सध्या एसटीएम३२डब्ल्यूएल वर काम चालूय, त्यात रेडिओ मायक्रोकंट्रोलरच्याच पोटात आहे. आतला रेडिओ १२६x च्याच कमांडी घेतो, त्यामुळं फंक्शनांचा संच तसाच लागला, पण बिझी नावाची बाहेरची पिनच नाही, ते आतल्या एका रजिस्टरात कळतं. आमच्या बोर्डाच्या तक्त्यात बिझीसाठी पिन नंबर होता, तिथं आता "बिझी आहे का" विचारणारं फंक्शन घातलंय. त्याच चिपला कमी पॉवरचा, १५ डीबीएमपर्यंतचा एक पाय आहे आणि २२ पर्यंतचा दुसरा, आणि अँटेना कुठल्याला जोडलीय ते परत बोर्ड बनवणाराच ठरवणार. तो रकाना मात्र सावद्यामुळं आधीच तयार होता.